काळी चार

एस.टी.च्या टपावरून उतरली तुझी पेटी,
गोणपाटात शिवलेली, सुतळीला सांगलीचा शिक्का.
सोबत तुझ्या शिष्येची चिठ्ठी :
'बाईंची काळी चार बोलत नाही. बघून द्यावी.'
खाली तुझी सही नाही.
नसणारच.

वेंगुर्ल्यात पितळेला कळक चढायला
दोन पावसाळे पुरतात, मथुरा.
इथे कुलपं गंजतात, बिजागऱ्या गंजतात,
दीपगृहावरच्या माणसाचा चष्मासुद्धा गंजतो.
त्या हवेत मी चाळीस वर्षं सूर जुळवून पोट भरतो,
आणि लोक म्हणतात, बाबुली मेस्त्रीचा कान समुद्राने खाल्ला नाही.

सातेरीच्या देवळात तू बागेश्री गायलीस
तेव्हा तुझ्या वेणीत सुरंगी होती.
तू श्वास घेतलास की माझा भाता उघडायचा,
इतकंच माझं काम.
त्याला साथ म्हणतात.
मध्यमावरून धैवताकडे निघालीस
ती पायरी-पायरीने नाही,
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून.
मी इकडची दाबली, तिकडची दाबली.
तू जिथे होतीस तिथे पेटीला पट्टीच नाही.

सकाळच्या गाडीने गेलीस.
आधी बुवांकडे, मग नवऱ्याकडे, मग नावाकडे.

पुढे रेडिओवर तुझा आवाज उतरत गेला.
पांढरी पाच झाली, मग काळी तीन.
जाणकार म्हणाले, बाईंच्या गाण्याला खोली आली.
मी रात्री हळूच माझी पेटी काढून ताडून बघायचो,
यंदा किती खाली आलीस ते.
'रातचे कोणाची पेटी जुळवतास?' वासंती विचारायची.
'गिऱ्हाईकाची.'
ती कंदिलाची वात थोडी मोठी करायची
आणि कूस बदलायची.
तिला गेल्यालाही आता सहा वर्षं झाली.
तिच्याशी खोटं बोललो, ते असं एवढंच,
पण रोज.

तर मी तुझी पेटी उघडली.

सगळ्या पट्ट्यांवर बोटांच्या खळग्या.
काळी तीनचं तर अंगच झिजलेलं, रीडचा आवाज फाटलेला.
तिच्याबद्दल चिठ्ठीत एक अक्षर नाही.
काळी चार मात्र कोरी,
कित्येक वर्षांत कुणी हात न लावलेली.
तुझा गळा पोचत नाही तिथे आता,
शिष्येची पट्टी वेगळी असेल,
मग ही बोलली काय, न बोलली काय,
कुणाला हवी होती?

रीडच्या जिभेखाली काहीतरी अडकलं होतं.
चिमट्याने काढलं.
तपकिरी, वाळकं, केसाएवढं.
नारळाच्या सोडणाचा धागा असेल.
झुरळाचा पाय असेल.
सुरंगीचा केसर असाच सुकतो,
पण शपथेवर मी काहीच सांगणार नाही,
साठी उलटलेल्या माणसाच्या नाकावर कोण विश्वास ठेवतो.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती :
रीड टोकाशी घासली तर सूर चढतो,
मुळाशी घासली तर उतरतो.
मला कुठे घासत होतीस
ते तुला कळलं होतं का?

काळी चार आता बोलते.
मी एकदाच दाबली, दार लावून घेऊन.
बाहेर जेटीवर ट्रॉलर आपलं इंजिन तापवत होता,
त्याची घरघर पेटीत मिसळली
आणि मला क्षणभर वाटलं, कुणीतरी षड्ज धरलाय.

बिल लिहून ठेवलंय :
भात्याचं एक कातडं, दोन स्प्रिंगा, कळक काढणे, हमाली.
त्या धाग्याचे पैसे लावलेले नाहीत.
काडेपेटीत आहे तो, हिशेबाच्या वहीजवळ.

पंधरा दिवस होऊन गेले.
तुझ्या शिष्येचा दुसऱ्यांदा फोन आला.
मी म्हटलं, हवा दमट आहे बाई,
सूर बसायला वेळ लागतो.